स्विचवर ‘व्हीलॅन’ छापलंय, म्हणून व्हीलॅन होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार वि. वि.

शाळांमधल्या सीसीटीव्हींबद्दल आपल्या दैनिकात येणाऱ्या बातम्या मी आवर्जून वाचते. किती शाळांत बसले, किती बंद पडले, निधी कोणी द्यायचा, एवढ्याभोवतीच ती चर्चा फिरत राहते. कॅमेऱ्याची वायर पलीकडे कशात खोचली आहे, हे कोणी विचारत नाही. मी कोल्हापुरात नेटवर्किंगची लहानमोठी कामं घेते. पतसंस्था, दवाखाने, शाळा, अधूनमधून एखादं कॉलेज. माझं पोट या वायरींवरच आहे, म्हणून हे पत्र, ‘व्हीलॅन’बद्दल, म्हणजे एकाच वायरीवर वेगवेगळी नेटवर्कं चालवण्याच्या पद्धतीबद्दल. थोडं लांबणार आहे. कापायचं असेल तर मधलं कापा, पण कोटेशनबद्दलचं शेवटचं ठेवा.

बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने शाळांना कॅमेरे सक्तीचे केले आणि महिन्याची मुदत दिली. निर्णय योग्यच होता. पण महिन्यात बसवा म्हटलं की काय होतं, ते आम्हा धंद्यातल्या लोकांना पक्कं ठाऊक आहे. ‘उद्या येतो’ म्हणणाऱ्या डीलरला काम मिळालं. त्याने आठ नाहीतर सोळा कॅमेरे टांगले, एनव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं खोकं, मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये ठेवला. ऑफिसात एक स्विच, म्हणजे नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडणारं खोकं, आधीपासून होताच. हेडक्लार्कांचा शालार्थचा, म्हणजे पगारबिलांचा, कॉम्प्युटर, यू-डायसची, म्हणजे शाळेची सरकारी आकडेवारीची, माहिती भरायचा कॉम्प्युटर, प्रिंटर, वाय-फायचा राउटर, सगळं त्याच स्विचमध्ये. मोबाइलवर चित्र दिसायला हवं म्हणून कॅमेऱ्यांची वायरही त्यातच खोचली. बिल दिलं, फोटो काढला, पंचायत समितीला कळवलं.

यात बिघडलं काय, असं मुख्याध्यापक विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. कॅमेरा हा भिंतीवर टांगलेला एक छोटा कॉम्प्युटरच आहे. त्याच्या पोटात बहुतेक वेळा लिनक्स असतं, त्याला पासवर्ड असतो आणि तो पासवर्ड बसवणाऱ्याने बदललेला नसतो. २०१६ साली ‘मिराई’ या घातक प्रोग्रामने नेमकं हेच हेरलं. कारखान्यातून येणारे ठरावीक पासवर्ड लावून लावून त्याने जगभरचे कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्याच कॅमेऱ्यांच्या जोरावर डाइन या, साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या, अमेरिकन कंपनीवर मारा झाला, आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास धड उघडत नव्हत्या. आपल्याकडे केंद्र सरकारने एप्रिल २०२५ पासून नव्या कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी लागू केली आहे, ते बरंच झालं. पण आधी टांगलेले कॅमेरे आहेत तिथेच आहेत. त्यातला एखादा कोणाच्या हाती लागला, तर शेजारच्या पोर्टवरचा (वायर खोचायच्या भोकातला) शालार्थचा कॉम्प्युटर त्याला सरळ गाठता येतो. अडवायला मध्ये काहीच नाही.

हे वेगळं करायचा रूढ मार्ग म्हणजे व्हीलॅन. एकाच स्विचवर, एकाच वायरीवर दोन-तीन वेगळी नेटवर्कं चालवायची: कॅमेऱ्यांचं एक, ऑफिसचं एक, मुलांच्या लॅबचं एक. याचं सर्वमान्य प्रमाण १९९८ साली आलं, नाव आयईईई ८०२.१क्यू. वायरीतून जाणाऱ्या प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे माहितीच्या गठ्ठ्यामध्ये, चार बाइटची चिठ्ठी घालायची, एसटीने पाठवायच्या पार्सलवर गावाचं नाव टाकतात तशी. तिच्यातले बारा बिट व्हीलॅनचा नंबर सांगतात. बारा बिटांत ४०९६ आकडे मावतात, पहिला आणि शेवटचा राखीव, उरले ४०९४. शाळेला तीन पुरतात. या चिठ्ठीलाच टॅग म्हणतात. टॅग लागतो तिथपासून टॅग निघतो तिथपर्यंत मधलं प्रत्येक खोकं टॅग ओळखणारं, निदान त्याला हात न लावता पुढे सोडणारं हवं. सगळी रड इथे आहे.

आता ज्या स्विचमुळे लिहायला बसले, त्याबद्दल. सीसीटीव्हीवाले सर्रास वापरतात तो आठ अधिक दोनचा पीओई स्विच आपल्या कोणत्याही शाळेत बघायला मिळेल. आठ पोर्ट कॅमेऱ्याला वीज आणि नेट एकाच वायरीतून देणारे, दोन पोर्ट पुढे जोडायचे, म्हणजे अपलिंक. पुढच्या बाजूला हिरव्या दिव्यांच्या ओळीशेजारी नखाने सरकवायचा एक इवलासा खटका असतो. त्याला तीन जागा. एकीवर ‘नॉर्मल’, एकीवर ‘व्हीलॅन’, एकीवर ‘एक्स्टेंड’. कंपनीगणिक नावं थोडी बदलतात, वस्तू तीच. डीलर त्यावर बोट ठेवून सांगतो, ‘मॅडम, व्हीलॅन आहे की यात. हे काय, लिहिलंय बघा.’

खटका त्या जागेवर सरकवला की एक ते आठ पोर्टांचं आपापसातलं बोलणं बंद होतं आणि प्रत्येक पोर्ट फक्त अपलिंकशी बोलतो. एवढंच. याला पोर्ट आयसोलेशन म्हणतात. ते अगदीच टाकाऊ नाही, एक कॅमेरा बिघडून नेटवर्कवर भलता गोंगाट करायला लागला तर बाकीचे त्यातून वाचतात. पण यात नंबर नाही, टॅग नाही, ८०२.१क्यूशी याचा काही संबंध नाही. अपलिंकच्या वायरीतून आठही कॅमेरे एकत्रच बाहेर पडतात आणि ऑफिसच्या स्विचमध्ये जाऊन पहिल्यासारखे मोकाट फिरतात. पाचवीच्या वर्गातला कॅमेरा सहावीतल्या कॅमेऱ्याला दिसेनासा होतो, हेडक्लार्कांच्या कॉम्प्युटरला मात्र व्यवस्थित दिसतो. जे तोडायला हवं होतं ते जोडलेलंच राहिलं, आणि ज्याच्याशी कोणाचं काही बिघडत नव्हतं ते तुटलं.

गंमत पुढेच आहे. एनव्हीआर बऱ्याचदा याच स्विचच्या आठव्या पोर्टला लावलेला असतो, कारण कॅमेरे सातच आणि एक भोक रिकामं दिसलं. खटका ‘व्हीलॅन’वर नेला की एनव्हीआरला एकही कॅमेरा सापडत नाही. स्क्रीन काळी. बसवायला आलेला पोरगा गडबडतो, खटका परत ‘नॉर्मल’वर आणतो, चित्र येतं, पोरगा पुढच्या कामाला जातो. एनव्हीआर अपलिंकला लावायचा असतो, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. कोटेशनात मात्र ‘व्हीलॅन सपोर्टेड’ ही ओळ शाबूत, आणि तिथून ती शाळेच्या स्टॉक रजिस्टरवरही उतरते. मी तपासायला गेले की रजिस्टरमध्ये व्हीलॅन आणि खटका ‘नॉर्मल’वर, हे मला नवीन राहिलेलं नाही. डीलर फसवतो असंही मी म्हणणार नाही, त्याने खोक्यावरचं वाचून दाखवलं इतकंच. (तिसऱ्या जागेचंही सांगून टाकते. ‘एक्स्टेंड’वर पोर्टचा वेग १० एमबीपीएसवर उतरतो आणि त्या बदल्यात वायर नेहमीच्या शंभर मीटरऐवजी अडीचशे मीटरपर्यंत ओढता येते, असं कंपन्या सांगतात. मैदानाच्या टोकाला ते कामाला येतं. पण काही स्विचवर हा खटका सगळ्याच पोर्टांना लागतो, आणि मग जवळचे कॅमेरेही विनाकारण १० वर रखडतात.)

साध्या, खटकाही नसलेल्या अनमॅनेज्ड (सेटिंगच नसलेल्या) स्विचबद्दल मला दोन उलट गोष्टी ऐकायला मिळतात: ‘यातून टॅग जातच नाही’ आणि ‘जातो की, मी लावलंय’. हल्लीचे बहुतेक गिगाबिट स्विच टॅगवाली फ्रेम जशीच्या तशी पुढे सोडतात, कारण ते फक्त मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा कारखान्यातून आलेला नंबर, बघतात, पुढे काय लिहिलंय त्याच्याशी त्यांना घेणं नसतं. म्हणजे दुसऱ्याचं म्हणणं बरोबर. पण त्यात वेगळेपणा काही राहत नाही. तिन्ही व्हीलॅनचे ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना उद्देशून जाणारे संदेश, त्या स्विचच्या सगळ्या पोर्टांवर येऊन पडतात, आणि तिथे लॅपटॉप खोचणाऱ्या कोणालाही आपल्या कार्डावर हवा तो नंबर लावून हव्या त्या नेटवर्कात शिरता येतं. चाललं म्हणजे झालं, हा आपला लाडका निकष इथे उपयोगाचा नाही. चालतं तर आहेच. न चालायला हवं ते चालतंय, हीच तक्रार आहे.

काही वेळा मात्र खरंच चालत नाही, आणि ते पकडणं कठीण जातं. एका संस्थेच्या दोन इमारतींमध्ये फायबर टाकलेली होती. दोन्हीकडे चांगल्या कंपनीचे मॅनेज्ड स्विच, दोन्हींना ८०२.१क्यू येतं, सेटिंगही बरोबर. मध्ये फायबर आणि तिच्या दोन टोकांना मुठीत मावतील एवढे दोन जुने मीडिया कन्व्हर्टर (फायबर तांब्याच्या वायरीला जोडून देणारी खोकी), शंभर एमबीपीएसच्या जमान्यातले. तक्रार अशी की नव्या इमारतीतून पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ विचारणारा छोटा संदेश, छान येतो, पण लॉगिनचं पान अर्धं उघडून थांबतं. एका ओळीचा ईमेल जातो, सोबत फाइल जोडली की चाक फिरत बसतं. मला बोलावण्याआधी तिथे अँटिव्हायरस काढून झाला होता, विंडोज नव्याने टाकून झालं होतं, आणि एका जाणकाराने इंटरनेट कंपनीला शिव्याही घालून झाल्या होत्या. कन्व्हर्टरकडे कोणी बघितलं नव्हतं. त्यांना सेटिंगच नसतं, त्यामुळे ते संशयाच्या यादीत येत नाहीत.

साध्या इथरनेट फ्रेमची कमाल लांबी १५१८ बाइट. टॅगचे चार वाढले की १५२२. हे वाढीव चार बाइट चालवून घ्या, असं ८०२.३एसी या दुरुस्तीने १९९८ सालीच ठरवून दिलं. पण कित्येक जुन्या आणि स्वस्तातल्या खोक्यांना १५१८ च्या वरची फ्रेम म्हणजे बिघडलेली फ्रेम वाटते आणि ती ते मुकाट्याने टाकून देतात. लाल दिवा लागत नाही, कुठे नोंद होत नाही. लहान फ्रेमला चार बाइट वाढून काही होत नाही, म्हणून पिंग पास होतो. काठोकाठ भरलेल्या फ्रेमाच तेवढ्या गळतात, आणि फाइल, फोटो, वेबपान हे सगळं काठोकाठ भरलेल्या फ्रेमांतूनच जातं. पूर्वी लिनक्सच्या सर्व्हरांवरही ही डोकेदुखी होती. नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरला १५२२ पचत नसत, मग लोक एमटीयू, म्हणजे फ्रेममधल्या माहितीची कमाल लांबी, १४९६ वर आणून वेळ मारून नेत.

हे शोधायला महागडं यंत्र लागत नाही. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंगला ‘-एफ’ लावला की तो तुकडे होऊ देत नाही, आणि ‘-एल’पुढे आकडा टाकला की तेवढ्या आकाराचा पिंग जातो. सगळी वाट नीट असेल तर १४७२ जायला हवा, कारण त्यात हेडरचे २८ मिळवले की १५०० भरतात, आणि फ्रेमचे स्वतःचे १८ धरले की १५१८. तिथे १४६८ जात होता आणि १४६९ अडत होता. बरोबर चार बाइटची तूट. कन्व्हर्टर काढून फायबर थेट दोन्ही स्विचच्या एसएफपी (फायबरचा छोटा मोड्युल खोचायच्या) पोर्टात घेतली आणि विषय मिटला. एसएफपीतही कंपन्यांची नाटकं असतातच, काही स्विच परक्या कंपनीचा मोड्युल ओळखायलाच तयार होत नाहीत, तेव्हा तो घेण्याआधी त्याच स्विचवर लावून बघावा.

एका बाबतीत मात्र लोक उगाच घाबरतात, किंवा त्यांना घाबरवलं जातं. ‘व्हीलॅन करायचं तर जुने कॉम्प्युटर, प्रिंटर, बायोमेट्रिक मशिन सगळं बदलावं लागेल,’ असं एका शाळेला सांगण्यात आलं होतं. काही बदलावं लागत नाही. कॉम्प्युटरला किंवा प्रिंटरला टॅग कळायची गरजच नाही. स्विच त्या पोर्टावर टॅग काढून साधी फ्रेम देतो, आणि तिथून आलेल्या साध्या फ्रेमला स्वतः टॅग लावतो. दहा वर्षांचा प्रिंटरही कुठल्याही व्हीलॅनमध्ये सुखाने राहतो. पथ्य उलट बाजूचं आहे: कॉम्प्युटरच्या पोर्टावर टॅगवाली फ्रेम चुकूनही जाऊ देऊ नये. तिचं काय होईल ते त्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर ठरवतो. कोणी टाकून देतो, कोणी टॅग काढून आतलं सगळं विंडोजच्या हवाली करतो, आणि कॉम्प्युटरला भलत्याच नेटवर्कचे संदेश ऐकू यायला लागतात.

दोन कंपन्यांचे स्विच एकमेकांना जोडताना ८०२.१क्यू दोघांनाही येतं, तरी पहिल्या दिवशी ते सरळ बोलतील याची खात्री नसते. सिस्कोवाला ज्याला ट्रंक म्हणतो, त्याला एचपीच्या प्रोकर्व्हमध्ये टॅग्ड पोर्ट म्हणतात, आणि तिथे ट्रंक म्हणजे दोन-चार वायरी एकत्र बांधून केलेली एक जाड वायर. सिस्कोचा ट्रंक न सांगता सगळे व्हीलॅन पुढे सोडतो, तर इतर अनेकांत प्रत्येक व्हीलॅन त्या पोर्टावर हाताने घालावा लागतो. टॅग नसलेल्या फ्रेमा कोणत्या व्हीलॅनच्या समजायच्या, हे दोन्ही टोकांना वेगळं ठेवलं तर कॅमेरे नकळत ऑफिसात जाऊन बसतात. स्पॅनिंग ट्रीचंही, म्हणजे वायरींचं वर्तुळ झालं तर ते तोडणाऱ्या व्यवस्थेचंही, तसंच. सिस्को आपल्या पद्धतीने प्रत्येक व्हीलॅनसाठी वेगळा हिशेब ठेवतो, बाकीच्यांना त्यातलं फक्त व्हीलॅन नंबर एकचं कळतं. यावर उपाय आहेत, एमएसटीपी हे सामायिक प्रमाण त्यातला एक, पण तो करणाऱ्या माणसाचे दिवसाचे पैसे कोटेशनात धरलेले नसतात.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुने स्विच स्वस्तात उचलून आणणाऱ्यांसाठीही एक सांगते. प्रमाण येण्याआधी सिस्कोने आयएसएल नावाची स्वतःची पद्धत काढली होती. तिच्यात टॅग नसतो, अख्खी फ्रेम तीस बाइटच्या वेष्टनात गुंडाळतात. त्या काळच्या काही स्विचना फक्त तेवढंच येतं, आणि नंतरच्या कित्येक स्विचना, अगदी सिस्कोच्याच, ते मुळीच येत नाही. एकाच कंपनीचं नाव दोन्हीवर आहे म्हणून जमेल, असं समजून घेऊ नका.

वाय-फायचं थोडक्यात. मोबाइल आणि ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारं खोकं) यांच्यामध्ये हवेत टॅग नसतो. ‘ऑफिस’ या नावाने जोडला तो अमुक व्हीलॅनचा, ‘विद्यार्थी’ या नावाने जोडला तो तमुक, अशी सांगड ॲक्सेस पॉइंटच्या आत घालावी लागते, आणि घरगुती राउटरला ती सहसा घालता येत नाही. त्यातलं ‘गेस्ट’ नेटवर्क मुख्य राउटर म्हणून वापरताना ठीक चालतं. तोच राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावला की बऱ्याच मॉडेलांत गेस्ट थेट मुख्य नेटवर्कात उतरतो. रेंज वाढवायला भिंतीत खोचायचे ते रिपीटर तर टॅगच्या बाबतीत धरूच नका.

आणि सगळ्यांत शेवटी कळतं ते इंटरनेटचं. शाळेने हौसेने चांगला मॅनेज्ड स्विच घेतला, तीन व्हीलॅन केले, आणि दोन नेटवर्कांचं इंटरनेट बंद. कारण फायबरवाल्याने दिलेला राउटर एकाच नेटवर्कला पत्ते वाटतो, त्याला व्हीलॅनचं काही कळत नाही. तिन्ही नेटवर्कांना वेगळे पत्ते देणारा, त्यांच्यातली ये-जा अडवणारा किंवा मोजकी सोडणारा राउटर नाहीतर फायरवॉल हवा. तो नसेल तर व्हीलॅन म्हणजे एकमेकांकडे पाठ केलेली तीन बंद नेटवर्कं. बरं, काही ठिकाणी फायबरची लाइन स्वतःच टॅग घालून येते. तिथे आपला राउटर लावायचा तर त्याच्या वॅन (बाहेरच्या लाइनच्या) पोर्टावर कंपनीचा व्हीलॅन नंबर टाकता यायला हवा. तो नंबर आधी लेखी मागून घ्यावा, लाइन बंद पडलेली असताना फोनवर तो कोणी सांगत नाही.

एवढं सगळं लिहून आता माझ्याच धंद्याच्या विरुद्ध बोलते. चार-पाच खोल्यांच्या, एका ऑफिसच्या शाळेला व्हीलॅनची गरज नाही. त्यांनी पीओई पोर्ट अंगातच असलेला एनव्हीआर घ्यावा. कॅमेऱ्यांच्या वायरी थेट त्याच्या पाठीत येतात, त्यांचं आतल्या आत वेगळं नेटवर्क होतं, आणि ऑफिसकडे एनव्हीआरची एकच वायर जाते. हा पूर्ण बंदोबस्त नव्हे, एनव्हीआरचा पासवर्ड ‘ॲडमिन’ ठेवलात तर तीच वायर दाराचं काम करेल. पण खटक्याच्या भरवशावर राहण्यापेक्षा शंभर पटींनी बरं. एनव्हीआर साधा असेल तर कॅमेऱ्यांना वेगळा स्विच द्यावा आणि दोन नेटवर्क पोर्टांचा एनव्हीआर मध्ये ठेवावा. तांब्याची वेगळी वायर कोणत्याही कंपनीच्या कोणत्याही मॉडेलशी जुळते. सेटिंग उडालं, वीज गेली, फर्मवेअर बदललं, तरी ती वेगळीच राहते. मॅनेज्ड स्विचचं तसं नाही. सेटिंग सेव्ह न करता रीस्टार्ट झाला की काही स्विच पुन्हा कोरे होतात, सगळे पोर्ट व्हीलॅन एकमध्ये. आणि शाळेत त्याचा पासवर्ड कोणाकडे असतो? सोडून गेलेल्या डीलरकडे.

व्हीलॅन खरा लागतो तो कॉलेजांना, मोठ्या दवाखान्यांना, दोन-तीन इमारतींच्या शाळांना. तिथे सगळ्यांसाठी वेगळी फायबर ओढणं परवडत नाही. त्यांच्यासाठी कोटेशन मागवताना घालायच्या ओळी देते. ‘व्हीलॅन सपोर्टेड’ हे दोन शब्द खोडून टाका. त्याऐवजी लिहा: प्रत्येक स्विच आयईईई ८०२.१क्यू टॅग्ड व्हीलॅन देणारा असावा, केवळ पोर्ट-बेस्ड व्हीलॅन किंवा पोर्ट आयसोलेशन चालणार नाही. एका वेळी किती व्हीलॅन चालतात तो आकडा डेटाशीटवर दाखवावा. स्विचच्या सेटिंगचं पान फक्त एकाच व्हीलॅनमधून उघडेल अशी सोय हवी, कारण काही स्वस्त स्मार्ट स्विचमध्ये ते सगळीकडून उघडतं आणि बंद करता येत नाही. दोन स्विचमधल्या वाटेवर येणारी सगळी खोकी, म्हणजे मीडिया कन्व्हर्टर, वायरलेस ब्रिज, पीओई एक्स्टेंडर, किमान १५२२ बाइटची फ्रेम सोडणारी असावीत. ॲक्सेस पॉइंटला प्रत्येक नावासाठी वेगळा व्हीलॅन नंबर देता यावा. राउटर किंवा फायरवॉलला तितके व्हीलॅन, तितके डीएचसीपी (पत्ते वाटायची सोय) आणि त्यांच्यामधले नियम ठेवता यावेत. सेटिंगची प्रत पेनड्राइव्हवर आणि पासवर्ड बंद पाकिटात संस्थेच्या ताब्यात द्यावा. फक्त ‘सुसंगत असावे’ असं लिहू नका, प्रत्येक डीलरला आपलं खोकं सुसंगतच वाटतं.

आणि बिल देण्याआधी त्याच डीलरला दोन गोष्टी समोर करून दाखवायला लावा. कॅमेऱ्याच्या पोर्टातली वायर काढून तिथे लॅपटॉप खोचायचा आणि त्यावरून ऑफिसच्या कॉम्प्युटरला पिंग करायचा: उत्तर येता कामा नये. विंडोजची फायरवॉल पिंग गिळते, त्यामुळे नुसत्या गप्प पिंगवर विश्वास न ठेवता ऑफिसच्या प्रिंटरलाही करून बघायचा, तो सहसा लपवत नाही. मग सगळ्यांत लांबच्या इमारतीतून १४७२ चा पिंग, तुकडे न होऊ देता. ऑफिसच्या व्हीलॅनवर एकदा, कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनवर एकदा. हे बघायला इंजिनिअर लागत नाही, हेडक्लार्कांना पुरेपूर कळतं. ज्या डीलरला हे माहीत नाही तो तिथेच अडखळतो, आणि ज्याला माहीत आहे तो वायर ओढायला सुरुवात करण्याआधीच मीडिया कन्व्हर्टरचा विषय काढतो.

जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने या ओळी एका पानावर छापून मुख्याध्यापकांना दिल्या, तर त्या वापरायला माझी काही हरकत नाही. नाव घालू नये. डीलर माझे रोजचे आहेत.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर